गंगाजळी आणि मागच्या बाकावरचा प्रश्न



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. डोळ्यांचे ऑपरेशन झाले, मग दिवाळी आली, मग आळस आला. असो.

दिवाळीत नात घरी आली होती. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करते. घर आवरताना तिला जुन्या संदुकीत तांब्याचा एक छोटा गडू सापडला. तोंडाला डाग देऊन बंद केलेला, पण डाग उघडलेला. "आबा, हे काय?" मी म्हटले, "गंगाजळी. माझ्या पणजोबांनी काशीहून आणलेली." "मग उघडली कोणी?"

त्याची गोष्ट अशी. माझ्या जन्माच्या आधी, १९४० च्या दशकात, आमच्या गावात पटकीची साथ आली. आमचे गाव वाशीम-रिसोड भागातले, पैनगंगेच्या खोऱ्यातले. तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता. माझी आत्या तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. पहाटे जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. आजीने देवघरातला हा गडू दगडाने फोडून उघडला आणि चमच्याने तिच्या तोंडात गंगाजल घातले. मरताना घालतात म्हणून नव्हे. त्या पाण्यात किडा पडत नाही, ते रोग मारते, असे तिने ऐकले होते म्हणून. आजी नंतर चाळीस वर्षे जगली. त्या गडूकडे बघून ती एकच वाक्य म्हणायची, "पाणी खोटं नव्हतं बापा, माह्याच हातात काही कमी होतं."

आता दुसरी गोष्ट, ती माझीच आहे आणि मला शोभणारी नाही. साधारण १९८० ची गोष्ट. आठवीच्या वर्गात इतिहास शिकवताना मी मोठ्या ऐटीत सांगितले, की गंगेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात हे एका इंग्रज शास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवले आहे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "गुरुजी, मग काशीत पटकी कशी होते?" वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हते. येत नाही असे म्हणण्याऐवजी मी म्हणालो, "जास्त शहाणपणा नको, खाली बस." तो बसला. पुढे त्याने माझ्या तासाला कधी प्रश्न विचारला नाही.

आज तो साठीच्या जवळ आला असेल. नातीला दोन्ही गोष्टी सांगितल्या तेव्हा ती म्हणाली, "आबा, त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर आहे. पण ते शोधायला माणसांना शंभर वर्षे लागली." मग ती रोज संध्याकाळी मला शिकवायला बसली. मी बी. ए. चा माणूस, विज्ञानात कच्चा, पण इतिहास समजतो. म्हणून हा लेख इतिहासाच्या वाटेनेच लिहितो. चुकले तर नात सुधारेल.

तो इंग्रज शास्त्रज्ञ म्हणजे अर्नेस्ट हॅंकिन. आग्र्याच्या सरकारी प्रयोगशाळेत तो काम करी. १८९६ साली त्याने पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात लिहिले, की यमुना आणि गंगा यांच्या पाण्यात पटकीचे जंतू टाकले तर ते थोड्या तासांत मरतात. पाणी उकळले की हा गुण जातो. मी वर्गात सांगत असे ते एवढेच.

पण याच हॅंकिनची दुसरी एक गोष्ट आहे, ती मला नातीमुळे कळली. साथीच्या वेळी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत आपल्या देशात रूढ करण्यात त्याचा मोठा हात होता. म्हणजे आमच्या गावात आजीने पाहिलेली ती "लाल दवा", जिने विहिरीचे पाणी गुलाबी व्हायचे, तीही त्याच माणसाची! गडूतल्या पाण्याची कीर्ती ज्याने सांगितली, त्यानेच विहीर गुलाबी करायला शिकवले. आता विचार करा, गंगेच्या पाण्यात जंतू मरतात हे लिहिणारा माणूस नुसत्या पाण्यावर विसंबून राहिला नाही.

पुढची पुस्तके मात्र हॅंकिनच्या प्रयोगाला सरळ "फेजचा पहिला पुरावा" म्हणू लागली. फेज म्हणजे काय ते सांगतोच. पण २०११ साली काही अभ्यासकांनी त्याचा मूळ फ्रेंच लेख पुन्हा बारकाईने वाचला. बंद नळीत तापवलेल्या पाण्याचा गुण टिकत होता आणि हॅंकिनने स्वतः तर्क केला होता तो पाण्यातून उडून जाणाऱ्या एखाद्या पदार्थाचा. म्हणजे त्याने पाहिले ते फेजच होते असे खात्रीने म्हणता येत नाही. मूळ कागद वाचायचा सोडून ऐकीव गोष्ट पुढे सांगायची, हा दोष फक्त माझ्यात नव्हता हे वाचून थोडे बरे वाटले. (आजी असती तर म्हणाली असती, "मास्तर, दुसऱ्याच्या चुकीनं आपली चूक धुत नाही.")

आता फेज. आपल्याला सर्दी-देवी देणारे विषाणू असतात, तसे जिवाणूंनाही रोग देणारे विषाणू असतात. म्हणजे रोगजंतूलाही रोग होतो! १९१५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट याने अशा काहीतरी गोष्टीची नोंद केली. १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स द'एरेल याने आमांशाच्या जंतूंवर काम करताना तेच स्वतंत्रपणे पाहिले आणि त्याला नाव दिले बॅक्टेरिओफेज, जिवाणू खाणारा. लोक थोडक्यात फेज म्हणतात. फेज जिवाणूच्या अंगाला चिकटतो, आपला जनुकांचा धागा आत सोडतो, जिवाणूच्या कारखान्यात आपल्याच प्रती तयार करून घेतो आणि शेवटी जिवाणू फोडून त्या बाहेर पडतात. काचेच्या ताटलीत जिवाणूंचा दुधी थर वाढवला आणि त्यात फेज सोडले, की जिथे जिथे जिवाणू मेले तिथे स्वच्छ गोल भोके दिसतात. द'एरेलकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता. त्याने फेज कधी पाहिला नाही, फक्त ही भोके पाहिली.

आणि इथेच आपल्या गोष्टीतली मुख्य चूक घडली. द'एरेलचे ठाम मत होते की फेज एकच आहे. जगात फेजची एकच जात, तीच हळूहळू सवयीने वेगवेगळ्या जंतूंना मारायला शिकते. त्याने तिचे एक लॅटिन नावही ठेवले. एकच देव, रूपे अनेक, असे म्हणा ना! आणि फेज एकच असेल तर एकच औषध सगळीकडे चालायला हवे.

हे औषध घेऊन तो हिंदुस्थानात आला. १९२६-२७ च्या सुमारास त्याचे इथे काम झाले. मुंबईच्या परळच्या हाफकिन संस्थेशी त्याचा संबंध आला तो प्लेगच्या निमित्ताने. मग बंगाल आणि पंजाबात पटकीवर प्रयोग झाले. त्यातून सरकारने पटकीच्या फेजची चौकशी सुरू केली, ती १९३६ पर्यंत चालली. पाटण्याला इगोर अशेशॉव्ह नावाचा शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत फेज तपासत होता. आसामात मॉरिसन हा अधिकारी प्रत्यक्ष गावांत फेजच्या कुप्या वाटत होता. नौगाव भागात फेज द्यायचे, हबीगंज भागात नाही, आणि मृत्यू मोजायचे. सुईला घाबरणाऱ्या किंवा सुईला विरोध करणाऱ्या माणसांना हे तोंडाने घ्यायचे औषध पटायचे.

नौगावला मृत्यू कमी झालेले दिसले. पण पटकीची साथ कुठे वाढते, कुठे आपोआप ओसरते. कमी झाले ते कुपीमुळे की साथीच्या स्वभावामुळे, याचा निकाल कोणाला पटेल असा लागला नाही. सरकारचा उत्साह गेला आणि काम थांबले. माझी आत्या त्यानंतर काही वर्षांनी गेली. आमच्या गावापर्यंत कुपी कधी आली नाही. आली ती फक्त लाल दवा.

पण पाटण्याच्या प्रयोगशाळेत जे निघाले ते जास्त महत्त्वाचे होते. अशेशॉव्हला दिसले की पटकी मारणारे फेज एकसारखे नाहीत. एका फेजला दाद न देणारा पटकीचा जंतू दुसऱ्या फेजने मरतो. त्याने त्यांचे ए, बी, सी असे प्रकार पाडले, आणि कलकत्त्याच्या लोकांनी ती यादी पुढे वाढवली. तिकडे मॅकफार्लेन बर्नेटनेही आमांश-कोलाय जंतूंच्या फेजचे रक्तद्रवाच्या कसोटीने निरनिराळे गट दाखवले. म्हणजे द'एरेल चुकला होता. फेज एक नव्हता.

मला हा सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो. "फेज पटकी मारतो का?" हा प्रश्नच अपुरा होता. विचारायला हवे होते, "कोणता फेज? कोणती पटकी?"

शिक्षक म्हणून वर्गीकरण हा शब्द मला नेहमी रुक्ष वाटायचा. कप्पे पाडा, नावे द्या, पाठ करा. पण हजेरीपट हातात घेतलेल्या माणसाला दुसरी बाजूही ठाऊक असते. पहिल्या दिवशी साठ मुले म्हणजे एक "वर्ग" असतो. कोण कुठल्या गावचा, कोण उपाशी येतो, कोणाला फळा दिसत नाही हे कळायला लागते तेव्हा कुठे शिकवणे सुरू होते.

फेजचे हजेरीपटही असेच बदलत गेले. सुरुवातीला, तो कोणाला खातो यावरून: हा पटकीचा, हा आमांशाचा. १९४० साली जर्मनीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फेज पहिल्यांदा दिसले, आणि मग आपण पी. टी. च्या तासाला उंचीप्रमाणे रांग लावतो तशी रूपावरून रांग लागली. १९६७ साली ब्रॅडलीने सहा गट पाडले. कोणाला डोके आणि लांब शेपूट, कोणाला आखूड शेपूट, कोणी नुसता गोळा, कोणी सुतासारखा. कॅनडातल्या क्वेबेकच्या हान्स-वोल्फगांग अकरमान यांनी तर आयुष्यभर फेजची छायाचित्रे घेतली आणि मोजली. २००७ पर्यंत तपासलेल्या साधारण साडेपाच हजार फेजपैकी ९६ टक्के शेपटीवाले निघाले. शेपटीवाल्यांची तीन घराणी ठरली: आकसणारी लांब शेपटी, न आकसणारी लांब शेपटी आणि आखूड शेपटी. विषाणूंना नावे देणारी एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिच्याही वहीत ही तीन घराणी बसली.

दरम्यान जनुके वाचता येऊ लागली. फेज हे जगातले पहिले सजीव (किंवा अर्धसजीव म्हणा) ज्यांचा सगळा जनुकसंच माणसाने वाचून काढला. १९७६ साली बेल्जियममध्ये फिअर्स यांनी एमएस२ हा आरएनएचा फेज वाचला, साडेतीन हजारांच्या वर अक्षरे. १९७७ साली सँगर यांनी फायएक्स१७४ हा डीएनएचा फेज वाचला, सुमारे ५,४०० अक्षरे. दुसऱ्या टोकाला २०२० साली कळवलेला एक फेज ७ लाख ३५ हजार अक्षरांचा आहे, काही जिवाणूंपेक्षाही मोठा. अशा महाकाय फेजांतल्या एका गटाचे नाव "लाक" आहे, बांगलादेशातल्या लाकसाम या गावावरून. तिथल्या माणसांच्या पोटातून ते सापडले म्हणून. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याचे नाव असे विषाणूला लागले तर लोक मोर्चा काढतील!

जगात एकूण फेज किती असतील याचा अंदाज शास्त्रज्ञ एकावर एकतीस शून्ये असा देतात. पैनगंगेच्या एका चमचा पाण्यातही ते असतात. आपल्या पोटात असतात. २०१४ साली तर कोणीही सूक्ष्मदर्शकाखाली न पाहता, माणसांच्या विष्ठेतल्या डीएनएच्या तुकड्यांची संगणकावर जुळवाजुळव करून एक नवा फेज सापडला. तो अनेक देशांतल्या लोकांच्या आतड्यांत आधीपासून नांदत होता, फक्त त्याची हजेरी कोणी घेतली नव्हती.

जनुके वाचल्यावर मोठीच पंचाईत झाली. वनस्पती, प्राणी, जिवाणू या सगळ्यांत काही जनुके समान असतात, त्यांवरून वंशवृक्ष काढता येतो. फेजांमध्ये सगळ्यांत असलेले असे एकही जनुक नाही. शिवाय ते एकमेकांची जनुके उचलतात. २००३ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या गटाने क्षयाच्या जंतूच्या कुळातील जिवाणूंना मारणाऱ्या फेजांचे जनुकसंच छापले. त्यांत चेन्नईहून गेलेलेही काही फेज होते. दिसले असे की एका फेजचे हे जनुक या घराण्याचे, शेजारचे दुसऱ्याच घराण्याचे, त्यापुढचे कोणाचेच नाही. मला लगेच आजीची वाकळ आठवली. (पुण्याकडचे वाचक गोधडी म्हणतील.) तिच्यात आत्याच्या परकराचा तुकडा, आजोबांच्या धोतराचा, शेजारणीच्या लुगड्याचा. ती वाकळ कोणाची? कोणाच्या एका वंशावळीत ती कशी बसवणार?

त्यामुळे शेपटीवरून लावलेली रांग मोडावी लागली. एकाच प्रकारची शेपटी असलेले फेज जनुकांनी एकमेकांपासून फार दूर निघाले, आणि वेगळ्या शेपटीचे जवळचे. २०२२ साली त्या समितीने शेपटीवाली ती तिन्ही जुनी घराणी रद्द केली. आता जनुकसंच किती जुळतो ते पाहतात. साधारण ९५ टक्के जुळला तर एक जात, ७० टक्के जुळला तर एक प्रजाती. ज्यांचे आयुष्य ती तीन घराणी शिकवण्यात गेले त्या प्राध्यापकांचे काय झाले असेल? नात म्हणाली, "काही नाही आबा, त्यांनी नोट्स खोडून नव्या लिहिल्या." मला ते उत्तर लागले, पण चांगले लागले.

नव्या घराण्यांतल्या एकाला द'एरेलचे नाव दिले आहे. "फेज एकच" म्हणणाऱ्या माणसाचे नाव आता अनेकांतल्या एका घराण्याला. दुसऱ्या एका घराण्याला अकरमान यांचे. याला सन्मान म्हणायचा की चिमटा, ते तुम्हीच ठरवा.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. पटकीचीच दोन उदाहरणे देतो, कारण त्यांनी मला रात्रभर झोपू दिले नाही.

पटकीने माणूस मरतो तो जंतूच्या विषाने. हे विष असते हे १९५९ साली कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले. १९९६ साली अमेरिकेत वॉल्डर आणि मेकॅलनॉस यांनी दाखवले की या विषाचे जनुक मुळात पटकीच्या जंतूचे नाहीच. ते एका सुतासारख्या फेजचे आहे! तो फेज जंतूला मारत नाही. त्याच्यात शिरून त्याच्या जनुकांत मुक्काम करतो आणि त्याला विष देतो. म्हणजे साध्या पाण्यातल्या जंतूला माणूस मारणारा करतो तो फेज.

आणि ढाक्याच्या रुग्णांच्या विष्ठेतून निघालेले आयसीपी१, आयसीपी२ आणि आयसीपी३ नावाचे फेज आहेत. २०११ साली त्यांचे वर्णन छापले गेले. हे शेपटीवाले, आणि ते पटकीच्या जंतूला फोडून मारतात. त्यांतला आयसीपी१ तर इतका हुशार, की जिवाणू फेजपासून वाचायला जे हत्यार वापरतात तेच हत्यार तो स्वतःजवळ बाळगतो आणि जंतूचा बचाव मोडतो. २००५ साली ढाक्यातल्या अभ्यासकांनी असेही दाखवले होते की पाण्यात पटकी मारणारे फेज वाढतात तेव्हा साथ ओसरते. नौगावच्या कोड्याचे एक उत्तर यात असेल का, असे मला उगाच वाटून गेले.

एक विष देणारा, एक मारणारा. दोघांनाही आपण फेजच म्हणतो. पण आजच्या वर्गीकरणात हे दोघे सगळ्यात वरच्या पातळीपासूनच वेगळे आहेत. आपण आणि वडाचे झाड जेवढे दूर, त्याहूनही त्यांचे नाते दूरचे. "गंगेच्या पाण्यात फेज असतात" हे वाक्य मी वर्गात बोललो असतो तरी ते निरर्थकच ठरले असते. कोणते? हे कळल्याशिवाय ते पाणी औषध आहे की नाही ते सांगता येत नाही.

मारणारा फेज असला तरी तो सगळ्यांना मारत नाही. १९५० ते ६० च्या दशकांत कलकत्त्याच्या डॉ. एस. मुखर्जी यांनी पटकीच्या फेजांचे गट पाडून त्यांच्यावरून जंतूच ओळखायची रीत बसवली. त्यांचा चौथ्या गटाचा फेज जुन्या पटकीच्या जंतूला मारी, एल टोर नावाच्या नव्या जंतूला नाही. १९६१ साली इंडोनेशियातून निघालेली एल टोरची साथ १९६४ साली भारतात पोचली, तेव्हा नवा कोण आणि जुना कोण हे ओळखायला हाच फेज जगभर वापरला गेला. औषध म्हणून नापास झालेला विद्यार्थी परीक्षक म्हणून कामाला आला.

आपल्या विदर्भातही हे काम चालते. नागपूरच्या नीरी संस्थेत गंगेच्या पाण्याच्या या गुणाचा अभ्यास झाला आहे, आणि तिथले डॉ. कृष्णा खैरनार यांनी २०१६ साली उगमाकडच्या गंगेचे पाणी वेगळे का यावर लेख लिहिला. नदीत फेज असतात यात शंका नाही. पण नदी म्हणजे एकच पाणी नव्हे. हिमालयातली गंगा वेगळी, शहराची गटारे पोटात घेतलेली वेगळी. शिवाय जिथे जंतू जास्त तिथेच त्यांना खाणारे जास्त, कारण खायला मिळाल्याशिवाय फेज वाढत नाहीत. फेज सापडणे ही पाणी शुद्ध असल्याची पावती नाही, कधी कधी ती उलटी पावती असते.

म्हणून, मागच्या बाकावरच्या बाळा, (तू आता आजोबा असशील, तरी माझ्यासाठी बाळच) तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. काशीत पटकी होत होती, कारण गंगेत "फेज" नावाची एक वस्तू नव्हती. असंख्य प्रकारचे फेज होते आणि असंख्य प्रकारचे जंतू होते. कोणता कोणाला कधी भेटेल याचा नेम नव्हता. जंतूही बदलत होते, फेजही. आणि घाटावर रोज नवे जंतू येऊन पडत होते. तू बरोबर विचारले होतेस. मी चुकलो.

मला वाटले होते ही गोष्ट इथे संपेल. पण नातीने शेवटच्या संध्याकाळी आणखी एक सांगितले. २०१९ साली लंडनमध्ये उपचार झालेल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीची हकीकत छापून आली. फुप्फुसे बदलल्यावर तिच्या अंगात क्षयाच्या कुळातला एक हट्टी जंतू पसरला, कोणतेही औषध लागू पडेना. हॅटफुल यांच्या गटाकडे विद्यार्थ्यांनी ठिकठिकाणच्या मातीतून गोळा करून नावे देऊन ठेवलेले हजारो फेज होते. त्यांतून तिच्या जंतूवर चालतील असे फक्त तीन निघाले. त्यांतले दोन तर जनुके थोडी बदलून घ्यावे लागले. तिसरा, मडी नावाचा, दक्षिण आफ्रिकेत दरबानला एका सडलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूला सापडला होता. त्या तिघांच्या मिश्रणाने मुलगी सुधारली. हजारांतून तीन! ते सापडले ते कोणीतरी आधीच वही करून ठेवली होती म्हणून. वर्गीकरण रुक्ष असते असे मी पुन्हा म्हणणार नाही.

आत्याला यातले काहीच मिळणार नव्हते. तिला फेजची गरजही नव्हती. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीचे मृत्यू साधारण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणले. तिला हवे होते ते पाणीच होते. चमचाभर नव्हे, घागरभर, त्यात चिमटीने मीठ आणि मुठीने साखर. मीठ आणि साखर दोन्ही आमच्या घरात होते. हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, आग्र्याच्या साहेबाला नाही, द'एरेलला नाही, आजीला तर नाहीच.

म्हणून आजी, तुझ्या हातात काही कमी नव्हते. हे तुला कोणीतरी वेळेवर सांगायला हवे होते, आणि घरात मास्तर मीच होतो.

गडू मी पुन्हा संदुकीत ठेवला नाही. तो माझ्या टेबलावर आहे. नात म्हणाली, आत काही उरले असेल तर तपासून बघू का? मी म्हटले, बघ. ती हसली, "आबा, तांब्याच्या भांड्यात इतक्या वर्षांनी काय सापडणार?" मी म्हटले, "सापडेल-न सापडेल. पण जे सापडेल त्याचे नाव नीट लिहून ठेव."

तुमच्या घरी अशी गंगाजळी असेल, किंवा पटकीच्या, लाल दवेच्या, मरीमायच्या काही आठवणी असतील, तर जरूर कळवा. आणि १९८० च्या सुमारास आठवीत मागच्या बाकावर बसणारा कोणी हे वाचत असेल, तर त्याने उभे राहावे. या वेळी मी खाली बसतो.